तोंडी माहिती

प्रणोती फॉर्म घेऊन आली तेव्हा माझी बायको त्रिशला स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो. प्रणोती ही माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. तिचं सासर मिरजेत, आम्ही सांगलीत, त्यामुळे आठवड्यातून एक चक्कर ठरलेली. ती चक्कर माझ्यासाठी नसते, काकूसाठी असते, हे मला माहीत आहे आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

"काका, सतरा पानं आहेत," ती म्हणाली. "तुम्ही वाचा, मी उत्तरं सांगते."

घरातले फॉर्म माझ्याकडे येतात. एका कोशाच्या कचेरीत मी तेहतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, एवढंच माझं काम. जगात इतकी यंत्रं आली, पण सरकारी सहीसाठी कागद लागतोच, आणि कागद आला की घरचे मला हाक मारतात.

फॉर्म मिरजेच्या गर्भपूर्व तयारी केंद्राचा होता. आता मूल हवं असलेल्या जोडप्यानं तीन महिने आधी तिथं नाव घालायचं असतं. आमच्या वेळी दिवस गेल्यावर डॉक्टर आठवायचा. आता दिवस जाण्याआधी. फोलिक आम्लाची गोळी सुरू होते, थायरॉइड, साखर, रक्तातलं लोह बघतात, लस राहिली असेल तर देतात. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात, ती झोप आणि रक्तदाब मोजून केंद्राला कळवत राहते. नवऱ्यालाही सोडत नाहीत. प्रणोतीचा नवरा अभिनंदन याचा तंबाखूचा मावा पहिल्याच दिवशी बंद झाला होता.

"मग काय खातो आता?" आतून त्रिशलानं विचारलं.

"माझं डोकं," प्रणोती म्हणाली.

ती हसत होती, पण गेल्या वर्षी तिचं पोटातलं नवव्या आठवड्यात गेलं होतं आणि ते त्या हसण्याच्या खाली दिसत होतं. ती तेहतीस वर्षांची. या खेपेला सगळं पुस्तकाप्रमाणे करायचं, काही राहू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

मी वाचत गेलो. मध्ये शुद्धलेखनाच्या दोन चुका दिसल्या, त्या पेन्सिलीनं दाखवल्या. चौदाव्या प्रश्नापाशी थांबलो.

"रक्ताच्या नात्यात कुणाचे दोन किंवा अधिक गर्भपात झाले आहेत का?"

आतून झाऱ्याचा आवाज थांबला.

"सांग की," त्रिशला म्हणाली. "चार."

"काकू, तू माझ्या रक्ताची कुठं आहेस गं?"

"मग काय पाण्याची आहे?"

प्रणोती मोठ्यानं हसली. मी पुढं वाचलं. खाली बारीक टायपात होतं, आणि बारीक टाइप सोडून देण्याची मला सवय नाही. 'नात्यातील पुरुषाच्या पत्नीचे असे गर्भपात झाले असल्यास, त्या पुरुषाची गुणसूत्र तपासणी झाली होती का? निष्कर्ष काय? आधार : कागद अथवा तोंडी माहिती.'

त्रिशला पदराला हात पुसत दारात आली. "यांची झाली होती," ती म्हणाली. "पुण्याला जाऊन आले होते त्या वेळी. सगळं नॉर्मल होतं यांचं."

एखादी आई आपल्या मुलाचे मार्क सांगते, तशा आवाजात ती हे सांगते. अडतीस वर्षं सांगत आली आहे.

"होय ना काका?" प्रणोतीनं विचारलं.

"होय," मी म्हणालो, आणि 'नॉर्मल'पुढं आणि 'तोंडी माहिती'पुढं माझ्या हातानं खूण केली.

*

आमची तीन गेल्यावर मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला पुण्याला चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर दोन तपासण्या होत्या. एक वीर्याची, एक रक्ताची. रक्तातली गुणसूत्रं बघायची सोय तेव्हा फार थोड्या ठिकाणी होती. "आधी तुमचं बघू," बाई म्हणाल्या, "पुरुषाचं सोपं असतं."

मी पहाटेच्या एसटीनं गेलो. प्रयोगशाळा एका बोळात पहिल्या मजल्यावर होती. बाकावर दहाबारा माणसं. तिथल्या मदतनीस बाईंनी माझं नाव आणि तपासणीचं नाव एकाच दमात, खणखणीत आवाजात पुकारलं आणि माझ्या हातात बाटली दिली. "तिकडं, डाव्या हाताला," त्या म्हणाल्या. शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे मगदूम, तुम्ही इथं?" आमच्या कोशात वनस्पतींवरच्या नोंदी लिहिणारे एक प्राध्यापक होते ते. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या लेखातल्या चुका मी त्यांना पत्रानं कळवल्या होत्या.

"एकांना भेटायला आलो होतो," मी म्हणालो. बाटली बाकावर ठेवली आणि जिना उतरलो.

रक्त द्यायला मी घाबरत नव्हतो. पण रक्ताचा नंबर त्यानंतर होता. दिवसभर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळत राहिलो. परतीच्या एसटीत मी वाक्य तयार केलं होतं: आज गर्दी होती, पुढच्या आठवड्यात जातो. ते खरं करून दाखवण्याइतका वेळही माझ्याकडे होता.

त्रिशला दारातच उभी होती. "नीट आहे ना तुमचं सगळं?" तिनं विचारलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्यात काही निघालं तर ते मला सहन होणार नाही, या भीतीनं ती दिवसभर जेवली नव्हती. माझ्यासाठी भीत होती ती.

"नीट आहे," मी म्हणालो.

ती उंबऱ्यावर बसली. "बरं झालं. तुमच्यात काही निघायला नको होतं." मग बऱ्याच वेळानं, भांडी घासता घासता, "म्हणजे माझ्यातच."

डॉक्टरीणबाईंनी अहवाल मागितला, तेव्हा पोस्टानं येणार आहे म्हणालो. दोन महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं आणि त्रिशलाच्या गर्भाशयाकडे मोर्चा वळवला. सुया झाल्या. टाका घालून झाला. चौथ्या खेपेला खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून ती तेरा आठवडे उताणी पडून होती, छताकडे बघत. मी तिला वाचून दाखवायचो. तेही गेलं. त्यानंतर आम्ही थांबलो.

प्रणोतीच्या वेळी शकुंतला वहिनींचं, म्हणजे तिच्या आईचं, डोहाळजेवण झालं. ओटी भरायला बायका बाहेर बसल्या आणि वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "त्रिशला, तू आमटीकडं बघतेस का?" ती उठून आत गेली. मी पुरुषांच्या पंगतीत होतो. मला दिसलं होतं.

*

केंद्रात तपासण्यांसाठी रांगा असतात, म्हणून कुणाची कुठली तपासणी करायची हे गुण मोजून ठरतं. गुणसूत्रांची तपासणी तीन गर्भपात झाल्यावर मिळते, किंवा घराण्यात तसा इतिहास असेल तर लगेच. प्रणोतीच्या घराण्याचे गुण शून्य आले. सासरी काही नव्हतं, माहेरी काही नव्हतं, काकूचं होतं पण काकू रक्ताची नव्हती आणि काकाचं नॉर्मल होतं. त्यामुळे ती तपासणी वगळली गेली.

तीन महिने तयारी झाली. चौथ्या महिन्यात दिवस राहिले. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या तोंडावर चोरओटी झाली. आमच्याकडे ही ओटी बातमी फुटण्याआधी गुपचूप भरतात, घरातल्या दोनचार बायकांतच. प्रणोतीनं हट्ट धरला की पहिली ओटी काकू भरणार.

"नको म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस. तुझी मर्जी," वहिनी म्हणाल्या.

"मला नको बाई," त्रिशला म्हणाली.

"काकू, तू भरली नाहीस तर मी पदरच पुढं करणार नाही."

त्रिशलानं ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. थोडे तांदूळ सांडले, तेही तिनं वेचून ओटीत घातले. घरी येताना रिक्षात ती माझ्याकडे बघून दोनदा हसली. एरवी रिक्षात ती हसत नाही, पैसे किती होतील याचा विचार करत असते.

बाराव्या दिवशी प्रणोतीचं गेलं. दहावा आठवडा होता.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मी नको म्हणत होते." एवढंच. त्रिशला ऐकून जिना उतरून खाली गेली. मी मागोमाग गेलो. ती औषधाच्या दुकानाबाहेरच्या पायरीवर बसली होती.

"अक्का खरं बोलतात," ती म्हणाली. वहिनींना ती अक्का म्हणते.

"तसं काही नसतं."

"मग कशानं जातात?"

मी कोशाचे अठरा खंड अक्षर न अक्षर वाचलेला माणूस. मी दुकानातून पाण्याची बाटली आणून तिच्या हातात दिली.

*

डॉ. रेहाना मुजावर केंद्रात आनुवंशिकीचं काम बघतात. वय पस्तिशीचं, बोलणं स्वच्छ. प्रणोतीला बघायला आम्ही गेलो होतो तेव्हा त्यांनीच त्रिशलाला नव्या यंत्राबद्दल सांगितलं.

"काकू, पोटात बाळ असतं तेव्हा त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात," त्या म्हणाल्या. "बाळ पाच-सात आठवड्यांचं असलं तरी. आणि त्या जात नाहीत. तीस-चाळीस वर्षं आईच्या अंगात राहतात. फार थोड्या, लाखो पेशींत एखादी. आतापर्यंत त्या आहेत एवढंच माहीत होतं. आता आमच्याकडचं यंत्र ती एखादी पेशी वेचून काढतं आणि तिच्यातला मजकूर वाचतं. बाळ का राहिलं नाही, ते त्यावरून बरंच कळतं. पूर्वी ज्यांची कारणं कधी कळली नाहीत, अशा बायकांचं रक्त आम्हाला हवं आहे. त्यावरून पुढच्या मुलींचे धोके ओळखता येतील."

"माझं घ्या," त्रिशला म्हणाली.

"अगं, विचार कर," मी म्हणालो. "आता या वयात कशाला?"

"या वयात मला दुसरं काय काम आहे? माझ्यात काय होतं ते कळेल. हिला माझं काय लागलं ते तरी कळेल."

"लागत नाही काकू," डॉ. मुजावर म्हणाल्या. "जड उचलल्यानं नाही, पपईनं नाही, कुणाच्या हातानं तर नाहीच नाही. निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांची चूक असते आणि ती बहुतेक वेळा योगायोगानं होते. कुणाचाही दोष नसतो. पण काही घरांत ती चूक पुन्हा पुन्हा होते, तेव्हा कारण शोधावं लागतं."

त्रिशलानं बाही वर केली. नळीत रक्त चढताना मी बघत होतो. तीन आठवड्यांनी अहवाल येणार होता.

त्या तीन आठवड्यांत मी पुष्कळ वाचलं. मला जे समजलं ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो. आमच्या कोशाच्या एका आवृत्तीत बाइंडरकडून चूक झाली होती. चौथ्या खंडाचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, अकराव्या खंडात बांधला गेला आणि अकराव्याचा चौथ्यात. ज्याच्या घरी ते दोन्ही खंड गेले त्याचं काही बिघडलं नाही. पानं सगळी घरातच होती, फक्त जागा बदललेली. माणसाच्या शरीरातही असं होतं. प्रत्येक खंडाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एखाद्याकडे चौथ्याची एक प्रत आणि अकराव्याची एक प्रत यांच्यात फर्म्यांची अदलाबदल झालेली असेल तर तो धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. पण मुलाला देताना प्रत्येक खंडाची एकच प्रत द्यायची असते. बिघडलेला चौथा आणि चांगला अकरावा असे गेले, तर मुलाकडे एक फर्मा जास्त होतो आणि एक कमी पडतो. तेवढ्यानं ते मूल राहत नाही. दोन्ही चांगले गेले तर मूल निर्दोष. दोन्ही बिघडलेले गेले तर मूल धडधाकट, पण बापासारखंच ती अदलाबदल पुढं नेणारं.

आणि ही अदलाबदल घराण्यात उतरते. बापाकडून मुलांना. एका भावाला, किंवा दोन्ही भावांना. भावाच्या मुलीला.

हे वाचलं त्या दिवशी मी चौदावा प्रश्न पुन्हा आठवला. त्याखालचा बारीक टाइप कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

प्रणोती पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न सुरू करणार होती. तिची दोन गेली होती. तिसरं जाईपर्यंत तिचा नंबर लागणार नव्हता.

*

मी केंद्रात एकटा गेलो. डॉ. मुजावर जेवणाचा डबा उघडत होत्या.

"समजा," मी म्हणालो, "एखाद्यानं तपासणी न करताच केली असं सांगितलं असेल, तर त्याचा परिणाम..."

"काका," त्या म्हणाल्या, "एखाद्यानं म्हणजे तुम्हीच ना?"

मी मान हलवली. त्यांनी डबा झाकला. मी पुण्याचं सांगितलं, फर्म्यांचं मला जे समजलं होतं ते सांगितलं, मग फॉर्मचं. फॉर्मचं सांगताना त्यांनी मध्येच हात वर केला.

"थांबा. हे यंदाचं? प्रणोतीच्या फाइलमधलं?"

"हो."

त्यांनी प्रणोतीची फाइल काढून चौदाव्या प्रश्नाचं पान उघडलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तेव्हा पुण्याचं तुम्ही टाळलंत ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "अजूनही पुरुष पळतात, आम्ही रोज बघतो. पण यंदा फक्त एक रेघ मारायची होती. 'माहीत नाही' असाही रकाना होता त्या फॉर्मात."

"मी पाहिला होता."

"तपासणी झाली असती तर काय झालं असतं, तेही सांगते. ती वाहक निघाली असती तर आम्ही वेगळी वाट धरली असती. बीज बाहेर फळवायचं, त्यातलं ज्याचे फर्मे," माझ्या तोंडचा शब्द त्यांनी उचलला होता, "ज्याचे फर्मे नीट आहेत तेवढंच आत ठेवायचं. खात्री कुणी देत नाही. पण धोका खूप कमी होतो."

त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि माझं रक्त घेतलं. दोन मिनिटं लागली असतील.

"प्रणोतीला मी उद्याच बोलावते," त्या म्हणाल्या. "काकूंचा अहवाल शुक्रवारी येईल. त्यात ती अदलाबदल वडिलांकडची की आईकडची, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याआधी तुम्ही त्यांना सांगा. नाहीतर ते मला वाचून दाखवावं लागेल आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलेले असाल."

यंत्र नसतं तर मी बोललो असतो का, हा प्रश्न मी घरी येताना स्वतःला विचारला. नसतो. असं उत्तर लिहून ठेवायलाही मला बराच वेळ लागला.

*

गुरुवारी सकाळी त्रिशला मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. बोळ, बाक, बाटली, प्राध्यापक. सगळं सांगून झालं तरी तिचा हात थांबला नाही. पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"मग दिवसभर कुठं होता?"

"अप्पा बळवंत चौकात."

"काय घेतलं?"

मला वाटलं नव्हतं ती हे विचारेल. "एक जुना शब्दकोश."

"काळ्या पुठ्ठ्याचा? वरच्या फळीवरचा?"

"हो."

"दर दिवाळीला पुसते मी तो," ती म्हणाली.

मी क्षमा मागितली. मागताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. ती म्हणाली, "थांबा. आता बोलू नका." जुडी संपेपर्यंत ती निवडत राहिली. मग उठून मेथी धुतली, फोडणीला टाकली, आणि मला वाढलं. स्वतः जेवली नाही.

शुक्रवारी केंद्रात प्रणोती आधीच येऊन बसली होती. तिचाही अहवाल आला होता. डॉ. मुजावरांनी आधी त्रिशलाला सांगितलं: चारांपैकी तिघांच्या पेशी सापडल्या. तिघांतही तीच चूक, सात आणि तेरा या गुणसूत्रांची. वडिलांकडून आलेली, माझ्या रक्तातही निघालेली. आईकडचा भाग तिघांतही निर्दोष.

त्रिशलानं "निर्दोष" हा शब्द ऐकला असेल की नाही, कळलं नाही. तिनं विचारलं, "तिघं अजून आहेत?"

"पेशी आहेत, काकू."

"मुली होत्या की मुलगे?"

"ते कायद्यानं सांगता येत नाही."

"ती जन्मलीच नाहीत."

"तरीही नाही सांगता येत."

त्रिशलानं मान हलवली. तिनं उजवा हात डाव्या दंडावर ठेवला, रक्त काढलं होतं त्या जागी, आणि तसाच राहू दिला.

प्रणोती वाहक होती. माझ्या भावाकडून. डॉक्टरांनी पुढची वाट समजावून सांगितली आणि मग म्हणाल्या, "घराण्याची माहिती आधी चुकीची आली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण प्रणोतीनं पाहिलं.

"काका, ती खूण तुम्ही केली होती."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तपासणी झाली नव्हती, हे माहीत होतं."

"त्या फॉर्मात तुम्ही शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या होत्या," ती म्हणाली. रडत नव्हती. अशा आवाजात बोलत होती की जणू ती मला पहिल्यांदाच भेटत होती. "मी केंद्रात सगळ्यांना सांगितलं, माझ्या काकांच्या नजरेतून काही सुटत नाही."

मी त्या दोघींपैकी कुणाकडे बघावं ते मला कळेना, म्हणून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलो. त्यावर लोह कुठल्या भाज्यांतून मिळतं ते लिहिलं होतं. मी ते सगळं वाचलं.

बाहेर आल्यावर त्रिशला पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "रविवारी अक्कांकडं जायचं."

"कशाला?"

"कशाला ते तुम्हाला कळतंय."

*

मला चारचौघांत बोलता येत नाही. कचेरीच्या निरोप समारंभातही मी उठून नुसता नमस्कार करून बसलो होतो. म्हणून शनिवारी मी लिहून काढलं. दोन पानं झाली. पाच वेळा खोडलं. पहिल्या मसुद्यात 'त्या काळची परिस्थिती' असे शब्द आले होते, ते काढले. 'नकळत' काढला. 'कदाचित' दोनदा होता, दोन्ही काढले. शेवटी जे उरलं ते एका पानावर मावलं, आणि मला वाटलं, निदान हे तरी चोख आहे.

वहिनींच्या घरी प्रणोती आणि अभिनंदन आधीच आले होते. वहिनी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. प्रणोतीची नवी उपचारपद्धती समजावून सांगायला आलो आहोत, असा त्यांचा समज होता. अभिनंदननं मला खुर्ची दिली. तो माझ्याशी नेहमीसारखाच वागला आणि त्यामुळे मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

मी खिशातून कागद काढला, घडी उलगडली, चष्मा लावला. "वहिनी," मी वाचायला सुरुवात केली, "सुमारे अडतीस वर्षांपूर्वी..."

त्रिशलानं हात पुढं करून कागद माझ्या हातातून घेतला. ओढला नाही. पोराच्या हातातून सुरी काढून घ्यावी, तसा घेतला.

"वाचू नका," ती म्हणाली. "सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाची घडी घालत होती. वहिनी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "मी पुण्याला गेलो होतो, पण तपासणी केली नव्हती. त्रिशलात काही दोष नव्हता. माझ्यात होता. दादातही होता. मी खोटं बोललो."

एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असेल सांगता येत नाही. वहिनींनी कानामागं तळहात धरला आणि पुढं वाकल्या.

"काय म्हणताय, भाऊजी? ते कानातलं शिटी मारतं म्हणून काढून ठेवलंय. मोठ्यानं बोला."

कानातलं यंत्र समोरच्या टीपॉयवर होतं. ते द्यायला प्रणोती उठली. त्रिशलानं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"असू दे," ती म्हणाली. "बोलतील ते."

दार सताड उघडं होतं. समोरच्या अंगणात शेजारची माणसं गहू वाळत घालत होती. त्यातल्या एका बाईनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो. हात कुठं ठेवावेत ते कळेना, तेव्हा खुर्चीची पाठ धरली. आणि आयुष्यात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवून मी पहिल्यापासून सांगायला लागलो.